सोयाबीन सगळ्यांना दिसलं होतं

आमच्या सायकल ग्रुपचा नियम उलटा होता. इतरत्र सगळ्यांत पुढचा माणूस खड्डा, गिट्टी, कुत्रं असं काही दिसलं की हात करतो आणि मागचे सावध होतात. आमच्यात पुढे असायचे सर, आणि ओरडायचं मी, त्यांच्या मागून. सर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले पीटीचे मास्तर. ग्रुप त्यांनीच उभा केलेला, त्यामुळे अमरावतीहून निघालेली रांग त्यांच्याच वेगानं चालायची. "पुढच्यानं दम राखावा, दुसऱ्यानं तोंड चालवावं," ते म्हणायचे. "अन् तुयं तोंड त तसंही बंद राहात नाही." सगळे हसायचे. मलाही ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? दोन वर्षं दर रविवारी मी त्यांच्या मागून बोंबलत होते. खड्डा डावीकडे, बैलगाडी, गतिरोधक.

दसऱ्यानंतर आम्ही अकोल्याला निघालो. वलगाव मागे पडलं, दर्यापूरला चहा-पोहे झाले. पुढे दोन्ही बाजूंना काळं रान, फुटायला लागलेली कपाशी, ना चढ ना उतार. अशा रस्त्यावर म्हैससुद्धा कोसभरावरून दिसते. तिथे माझी चेन उतरली. मिनिटभराचं काम, त्यासाठी रांग कशाला थांबवायची, म्हणून मी मुकाट्यानं बाजूला झाले. माझ्या मागचा गृहस्थ सरांच्या मागे सरकला. तो ग्रुपमध्ये नवीन होता.

चेन चढवून मान वर केली तर पुढे रस्त्यावर पिवळंधमक काहीतरी पसरलेलं. या दिवसांत अर्धा रस्ता सोयाबीन वाळवायलाच असतो, कडेनं दगड मांडलेले. आता सर उजवीकडे घेतील, असं मनात म्हणत मी पाहत राहिले. सरांनी घेतलं नाही. वेगही कमी केला नाही. चाक दगडावर आदळलं, सर सायकलसकट सोयाबीनमध्ये जाऊन पडले आणि मागचे दोघं त्यांच्या अंगावर.

मी पोचले तेव्हा सोयाबीनवाली बाई कमरेवर हात ठेवून उभी होती. "इतका मोठा ढीग दिसला नाही काय? आंधया हाय का मानूस?" नवा गृहस्थ कोपर चोळत मला म्हणाला, "मला वाटलं, सर वळतील. एवढं समोर दिसत होतं हो."

सरांचा गुडघा फुटला होता. मी पाण्याची बाटली त्यांच्यापुढे धरली. त्यांचा हात बाटलीच्या बाजूनं निघून गेला. मग त्यांनी मान वळवून शेताकडे पाहिलं आणि तसंच पाहत पाहत बाटली पकडली. माणसाकडे सरळ न बघणं ही त्यांची जुनी सवय. मास्तरकीची ऐट म्हणून आम्ही मागे चेष्टाही करायचो.

"सर, तुमाले दिसत नाही काय?" मी हळूच विचारलं.

"कडेचं दिसते," ते म्हणाले. "मधातलं पुसल्यावानी झालं. दोन वर्सं झाले. डॉक्टर म्हने, आता वापस येत नाही."

दोन वर्षं. मी मटकन त्या सोयाबीनवरच बसले. म्हणजे नियम माझ्या तोंडासाठी नव्हताच. माझ्या ओरडण्यावर सर ट्रकच्या बाजूनं गेले होते, पुलावरून गेले होते, आणि आम्ही सगळे, लेकराबाळांची माणसं, त्यांच्या मागे बिनधास्त. भीती आधी आली की राग, ते मला आजही सांगता येणार नाही.

"काहून सांगतलं नाही?"

"सांगतलं असतं त चालवू देली असती काय? मांगं मले चालवता येत नाही, समोरचं चाकच दिसत नाही. पुढं कोनी नसलं, अन् तू बोलत असली, की जमते." मग आवाज खाली आणून म्हणाले, "अकोला काही लांब नाही. तू बोलत राय."

मला हो म्हणावंसं वाटलं, हे खरं. त्या माणसानं मला पस्तिशीनंतर सायकल शिकवली होती. पण मागे वळून पाहिलं तर आमची माणसं बाईला सोयाबीन गोळा करू लागत होती. त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

"नाही सर," मी म्हणाले.

अकोल्याकडे जाणारी काळीपिवळी जीप आली तेव्हा मी हात केला. सायकल टपावर बांधली, सरांना ड्रायव्हरशेजारी बसवलं. मनातल्या मनात मी त्यांची बाजू सावरायलाही लागले होते. "सगळ्यांना सांगते, गुडघा दुखते म्हणून सर जीपनं गेले," मी खिडकीशी वाकून म्हणाले.

सरांनी खिडकीतून तोंड बाहेर काढलं, माझ्याकडे नाही, कपाशीकडे.

"नको," ते म्हणाले. "खरं तेच सांग. नाही त पुढच्या रविवारी मी परत येईन."

जीप निघून गेली. मी सायकल रस्त्याच्या कडेला आडवी केली आणि सगळ्यांना जवळ बोलावलं.