दुसऱ्यांच्या नावाची पुस्तकं

मी एकदा एकशे दहा पुस्तकांवर आधीच सह्या करून ठेवल्या. नुसत्या सह्या नाहीत, नावंही घातली. अमुक भाऊजींना सप्रेम, तमुक वहिनींच्या रसिकतेस. प्रकाशनाला दोन दिवस होते आणि मी, अठ्ठावन्न वर्षांची कोवळी लेखिका, ऐन समारंभात हात दुखायला नको म्हणून घरी बसून शाईच्या पेनानं गर्दी उरकत होते. यादी आमच्या ह्यांच्या गोल्फ क्लबातली. "सगळे येणार," असं हे म्हणाले होते आणि मी विश्वास ठेवला.

नेमकी प्रकाशनाच्याच दिवशी क्लबात स्पर्धेची अंतिम फेरी निघाली, आणि फेरीनंतर तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचं जेवण. त्यापुढं माझं काय चालणार? हॉलमध्ये अकरा माणसं होती, त्यातली दोन पुढच्या कार्यक्रमाला लवकर आलेली. हे उशिरा आले, गोल्फचे बूट घालूनच. मागच्या खुर्चीवर बसून एकट्यानं इतक्या टाळ्या वाजवल्या की मला लाज वाटली. आता त्या लाजेचीच लाज वाटते.

पुस्तक पाळण्यांचं होतं. कुरुंदवाडच्या बाजूला नदीकाठच्या गावांत हिंडून, बारशाला म्हणायचे पाळणे मी म्हाताऱ्या बायकांकडून वहीत उतरवून घेतले होते. पाच वर्षं लागली. तेव्हा मी स्वतःला गायिकाही समजत असे. बाई एक ओळ म्हणायची, की मी लगेच तिला ती सुधारून म्हणून दाखवायची. एका आजीनं शेवटी विचारलं, "तू ल्ह्यायला आलीयास का गायला?" तिला गाण्यातलं कळत नाही, असं मी मनात म्हटलं. काय तो तोरा.

नाव घातलेलं पुस्तक विकलं जात नाही, हे मला नंतर कळलं. दुकानदारानं पहिलं पान उलटून विचारलं, "वापरलेलं हाय काय हे?" कुणी वापरलं नव्हतं, तेच तर दुखणं होतं. व्हाइटनर लावून पाहिलं, तर पान चुन्याचे पोपडे आलेल्या भिंतीसारखं दिसायला लागलं. गठ्ठे पलंगाखाली गेले.

हे जाऊन तीन वर्षं झाली. मुलगी परदेशात आहे. तिचा फोन येतो तेव्हा तिच्याकडे सकाळ असते आणि ती घाईत असते. मी काय जेवले एवढं विचारून होतं, तोवर तिची गाडी सुटायची वेळ झालेली असते. कधी कधी भाजीवालीशी बोललेली चार वाक्यं हाच माझा दिवस असतो. म्हणून हल्ली संध्याकाळी पिशवीत पाच-सहा पुस्तकं घालते आणि रिक्षानं क्लबात जाते. ज्याचं नाव, त्याला त्याचं पुस्तक, हे निमित्त. खरं म्हणजे कुणीतरी त्यातलं एखादं पान वाचून मला काहीतरी विचारावं, एवढीच इच्छा आहे.

व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीवर बसून मी खेळ बघते. एवढ्या मोठ्या माळावर एवढंसं भोक शोधत माणसं का हिंडतात, ते मला चाळीस वर्षांत कळलेलं नाही. पण एक लक्षात आलंय. गोल्फमध्ये मारणारा उभा राहिला की बघणाऱ्यानं गप्प बसायचं, गाण्यात ऐकणाऱ्यानं मान डोलवायची. पुस्तक विकताना समोरच्यानं काय करायचं, त्याला काही रीत नाही. तो ते हातात तोलतो, मागं काय लिहिलंय बघतो आणि तब्येत विचारतो.

यादीतले निम्मे आता नाहीत. राहिलेल्यांपैकी एक भाऊजी परवा म्हणाले, "वहिनी, डोळ्याचं ऑपरेशन झालं की वाचतोच."

"मागच्या वेळीही हेच म्हणालात. तेव्हा डावा होता."

"आता उजवा हाय."

"तिसरा नाही ना?"

ते हसले, पुस्तक खुर्चीवर ठेवून चहाला उठले आणि तिकडूनच घरी गेले. मी पुस्तक परत पिशवीत घातलं. आता पुन्हा यायचं नाही असं ठरवलं.

तेवढ्यात ह्यांची गोल्फची बॅग वागवायचा तो कॅडी पायरीशी आला. हाही आता साठीला टेकलेला. "वैनीसाब, त्यात बारशाचं पाळणं हायत म्हणं?"

"आहेत. तुला कशाला?"

"नातीचं बारसं हाय रविवारी. घरात कुणाला म्हणाय येत न्हाई. सून म्हणती, मोबाईलवर लावूया."

मी पुस्तक पुढं केलं आणि मग आठवलं. "पण ह्याच्यावर दुसऱ्याचं नाव आहे रे."

"नावाचं काय घिऊन बसलाय, नातीचं बी अजून ठिवायचंच हाय."

त्यानं उभ्याउभ्या पानं चाळली. बोट ठेवून दोन ओळी वाचल्या. मग वर बघितलं. "चाल कुठं लिवलीया?"

चाल कुठंच लिहिली नव्हती. पाच वर्षं हिंडले, शब्द तेवढे टिपले. चाल मी गाऊन दाखवणार होते ना, हॉलोहॉली.

मग गायले. तिथंच, व्हरांड्यात, पिशवी मांडीवर घेऊन. समोर हिरवळीवर एक गृहस्थ शेवटचा चेंडू मारायला वाकले होते. कुणीतरी ओठांवर बोट ठेवून मला गप्प बसायची खूण केली. मी थांबले नाही. दुसऱ्या कडव्याला आवाज चिरकला, तिसऱ्याला वर चढलाच नाही, तरी पाळणा शेवटपर्यंत नेला. चेंडू भोकाच्या कडेनं निघून गेला आणि त्याचं खापर अर्थात माझ्यावर फुटलं.

कॅडी हलला नाही. पुस्तक मिटून काखेत मारलं आणि म्हणाला, "आवाज पार फाटलाय की वैनीसाब तुमचा. पर आमच्यात कुणालाच येत न्हाई. रविवारी चारला या, पाळण्याजवळ बसून तुमीच म्हणा."