गोदावरीबाईची डोंगरातली बकरी

गोदावरीबाईनं जन्मात डोंगर पाहिला नव्हता. पवनीच्या जुन्या तटावर कधीतरी चढली असेल, तेवढीच तिची उंची. पण यंदा धानाच्या रोवणीत डोंगराबद्दल तिच्याइतकं ठासून बोलणारं माणूस गावात दुसरं नव्हतं. सगळं ज्ञान नात गुड्डीच्या शाळेतल्या एका पातळ पुस्तकातलं. मोजकी पानं, त्यात निम्मी चित्रं. डोंगरातलं खेडं, बकऱ्यांचा कळप आणि त्यातली एक म्हातारी बकरी, जिला आता चढ चढवत नाही. संपलं. लेकरांची गोष्ट ती. गुड्डीला ती दोन दिवसांत शिळी झाली, पण आजी रोज जेवण झालं की म्हणायची, "वाच वो बाई ते बकरीचं." काहून आवडते म्हणून कोणी विचारलं असतं तर म्हातारीनं शिवीच हासडली असती.

आता रोवणीचं असं आहे, की ती उलट्या पावलांनी चालते. बाया ओळीनं वाकतात, चिखलात परे, म्हणजे धानाची रोपं, खोचत मागं सरकतात. म्हणजे जिचा हात हळू, तीच पुढं एकटी उरते, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. त्यात या बायांची खोड भारी वाईट. कोणी रेंगाळली की शेजारणी तिच्या मागच्या चिखलातही परे रोवून टाकतात आणि तिला मधोमध कोंडून "कोंबडी कोंडली!" म्हणून खिदळतात. तरण्या पोरीला कोंडलं तर गंमत असते. गोदावरीबाईला गेल्या साली रोज कोंडलं, आणि शेवटी टोळीची मुख्य रुपा म्हणाली होती, "मामी, पुढच्या साली तू घरीच राय."

घरी राहून काय करावं? सुनेच्या मालिका पाहाव्या? बांधीत, त्या पाणी भरलेल्या धानाच्या वाफ्यात, मोठ्यानं हसता येतं, आल्यागेल्याची टिंगल करता येते, नवऱ्यांची लक्तरं वेशीवर टांगता येतात. हे सुटलं तर आपण मेल्यातच जमा, असं म्हातारीला मनापासून वाटत होतं. म्हणून यंदा ती कोणी न बोलावताच येऊन चिखलात उतरली आणि वाकल्या वाकल्या सुरू झाली, "एक होती बकरी."

म्हातारी भलती पोचलेली. गोष्ट ऐकायची तर तिच्याजवळ राहावं लागे, आणि ती ऐन रंगात आवाज बारीक करी. झपाझप मागं सरकणाऱ्या पोरी "आं? का म्हणे?" करत जागीच थबकत. अख्खी ओळ म्हातारीच्या चालीनं चालू लागली. पुस्तक तर एका बांधीतच संपलं असतं, म्हणून तिनं बकरीला सासू दिली, नणंद दिली, पवनीच्या बाजारात हरवली, पोलीस ठाण्यात नेऊन बसवली. बाया वेड्या झाल्या. "अवं मामी, सासूनं मंग चारा देल्ला का नाई?" लेकरांच्या गोष्टीला एवढ्या टोणग्या बाया भुलल्या, याचं त्यांना काही वाटत नव्हतं.

मग अती झालं. गोष्ट लांबवायला तिनं डोंगरात वाघ सोडला. नेमकी त्या दिवशी रोवणी शेतमालक सेवकरामच्या जंगलाकडच्या बांधीत होती. वाघ गवतातून सरपटत येतोय असं म्हातारीनं पुटपुटायला आणि झुडपात काहीतरी खसखसायला एकच गाठ पडली. बाया परे फेकून रस्त्यापर्यंत पळाल्या. झुडपातून सेवकरामचीच गाय निघाली, पण त्या बांधीत पुन्हा उतरायला कोणी तयार होईना. सेवकराम थयथयाट करत आला. "वाघ कोणं पाह्यला?" तर बाया म्हणे, बकरीनं!

रुपाचं डोकं फिरलं. "मामी, आज गोष्ट खतम कर. उद्यापासून बांधीत गोष्ट नाई. हात चालते त ये, नाई चालत त नोको येऊ."

हात चालत नाही हे दोघींनाही ठाऊक होतं.

जेवणानंतर बाया रस्त्याकडच्या बांधीत उतरल्या. गोदावरीबाईनं वाघाला मुकाट्यानं परत पाठवलं आणि शेवटच्या पानावर आली. डोंगरावर धुकं उतरतं. म्हातारी बकरी खाली राहते. पुस्तकात पुढं लिहिलं होतं की सगळा कळप वर चढाच्या टोकाला थांबतो, आणि ती हळूहळू चढून येईपर्यंत एकही बकरी घराकडं वळत नाही. तिथंच म्हातारी अडली. हे कसं सांगायचं यांना? हे तर पदर पसरल्यासारखं झालं असतं. तिला स्वतःचाच संताप आला.

"मेली बकरी," ती खेकसली. "म्हातारी होती, मेली. खतम."

"अशी कशी मेली?" रुपा ताठ उभी राहिली. "बाकीच्या बकऱ्या का करून राहिल्या होत्या?"

"चरून राहिल्या होत्या."

"एकबी थांबली नाई?"

"काहून थांबतीन? तुम्ही थांबता का वो कोणासाठी?" म्हातारीचा आवाज फाटला. "चार परे कमी रोवले का कोंडता मले! मले नाई बसाचं घरी, रुपे. मरून जाईन मी घरात."

रेणू, जी तिला कोंडण्यात सगळ्यांत पुढं असायची, हातातल्या परांच्या पेंढीकडं बघत राहिली. रुपानं आधी नाक ओढलं, मग शिवी दिली, मग चिखल तुडवत आली आणि म्हातारीला दंडाला धरून ओळीच्या टोकाला, धुऱ्याच्या म्हणजे बांधाच्या कडेला नेऊन उभं केलं.

"इथं रोव. हात हळू पडला त धुऱ्यावर चढून बस, तुले कोंडाले कोणी येनार नाई." मग इतरांकडं वळून ती गरजली, "आन् मामीची ओळ पुरी झाल्याबिगर कोणी बांधीतून निंघाचं नाई. आयकलं का?"

मग पुन्हा वाकता वाकता, म्हातारीकडं न बघता म्हणाली, "त्या बकरीले पयले जित्ती कर."

गोदावरीबाईनं पदरानं नाक पुसलं, परे हातात घेतले.

"मेलेली बकरी का अशी पटकन जित्ती होते?" ती म्हणाली. "रोवणी सरेपर्यंत वेळ लागन."