बाईंनी गायलेल्या दोन ओळी

बाई आधी छडी खाली ठेवायच्या. मग चष्मा काढायच्या, स्वेटरच्या टोकाला पुसायच्या, आणि तो परत नाकावर चढेपर्यंत कुणाचा तरी निकाल लागलेला असायचा. चष्म्याशिवाय त्यांना पाच फुटांपलीकडचं दिसत नसे, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तरीही तेवढा वेळ आम्ही चाळीस जण श्वास धरून उभे राहायचो.

"ग्रँड," त्या म्हणायच्या. "परत."

तुम्ही आयर्लंडात राहिला नसाल तर सांगतो, इथे 'ग्रँड' म्हणजे भव्य वगैरे काही नाही, नुसतं 'ठीक'. चहा ग्रँड, हवा ग्रँड, पायाला प्लास्टर घालून बसलेला माणूससुद्धा ग्रँड. बाईंच्या तोंडी मात्र तो शब्द डॉक्टरने एक्स-रे उजेडाकडे धरून काढलेल्या 'हं'सारखा यायचा.

त्यांचं नाव सांगत नाही. युरोपातल्या मोठमोठ्या थिएटरांबाहेर कंडक्टर म्हणून त्या नावाच्या पाट्या लागल्या होत्या, एवढं पुरे. सत्तरी ओलांडल्यावर त्या डब्लिनला परतल्या आणि आमच्या ऑपेरा कंपनीच्या कंडक्टर झाल्या. मूळच्या ट्रली गावच्या, खाटकाची मुलगी. "म्हणून तर नेमकं कुठे कापायचं ते ठाऊक आहे," असं आमचा मुख्य गायक, उंच पट्टीचा टेनर डोनल म्हणे. पाठीमागे सगळे त्यांना 'हरसेल्फ' म्हणत. आपल्याकडे जुन्या बायका नवऱ्याला 'हे' म्हणत ना, त्याच चालीवर. मी मनातल्या मनात 'बाई' म्हणायचो. त्यांना जाऊन दीड वर्ष झालं, पण अजूनही हा शब्द उच्चारला की मी खुर्चीत नीट बसतो.

मी साताऱ्याचा. बारा वर्षं एका गुरुजींकडे ख्याल शिकलो, मग शहाण्यासारखा डब्लिनला एमएससी करायला आलो आणि बॉल्सब्रिजमधल्या एका ऑफिसात सहा वर्षं एक्सेलची घरं भरली. हौस म्हणून एका क्वायरमध्ये गेलो. तिथल्या शिक्षिकेने माझा आवाज पाताळातून येतो असा शोध लावला, मला तीन वर्षं घासलं, आणि शेवटी ऑपेरा कंपनीने एका हंगामापुरतं कोरसमध्ये, म्हणजे समूहगायकांत, घेतलं. त्या हंगामाच्या अखेरीस एकाच बासला, म्हणजे खर्जात गाणाऱ्याला, कायम करणार होते. उमेदवार दोन, मी आणि कोरसमधलाच आणखी एक. ठरवणार बाई.

मी नोकरीचा राजीनामा दिला तेव्हा माझी बायको अश्विनी, जी डब्लिनजवळच्या नास गावातल्या हॉस्पिटलात डॉक्टर आहे, एवढंच म्हणाली, "एक वर्ष. त्यानंतर तोंड बंद आणि लॅपटॉप उघडा."

आता ऑपेरात कंडक्टर काय करतो? रंगमंचासमोर एक खड्डा असतो, त्यात साठ वादक बसतात, आणि कंडक्टर मध्ये उभा राहून त्यांना आणि वर गाणाऱ्यांना एकाच छडीवर चालवतो. आपल्याकडे गवई पुढे आणि तबला-पेटी त्याच्या मागे. इथे सगळेच छडीच्या मागे. हे माझ्या डोक्याला पहिल्या दिवशी कळलं. हाताला कळायला तीन आठवडे लागले.

तिसऱ्या आठवड्यात बाईंनी छडी ठेवली. चष्मा पुसला.

"शेवटची रांग, डावीकडून दुसरा. तुझ्या मांडीला काय झालंय?"

मी खाली पाहिलं. माझा उजवा हात मांडीवर इमानेइतबारे टाळी आणि खाली देत होता.

"ताल धरतोय, मॅडम."

"तो मी धरलाय. एका खोलीत दोन कंडक्टर नकोत. मी जाऊ का?"

इथे कुणीही शहाणा माणूस गप्प बसला असता. मी मात्र दारातून निघालेल्या पाहुण्याला थांबवावं तसा म्हणालो, "नाही नाही, तुम्ही थांबा की!"

एक व्हायोलावाली खोकल्याचं नाटक करत स्टँडमागे वाकली. बाई हसल्या नाहीत. "ग्रँड," म्हणाल्या. त्या दिवसापासून मी दोन्ही हात पाठीमागे बांधून गायला लागलो, वर्गाबाहेर उभ्या केलेल्या पोरासारखा.

पण हे काहीच नव्हे. खरा पराक्रम पुढच्या महिन्यात झाला.

तिसऱ्या अंकात डोनल कैदी असतो. फाशीच्या आदल्या दिवशी तो तुरुंगात एक गाणं गातो, लांबलचक श्वासांचं, आणि आम्ही चार पहारेकरी पत्र्याची शिरस्त्राणं घालून मागे मुकाट उभे. माझी जागा डोनलच्या अगदी पाठीमागे, डावीकडे, हातभर अंतरावर. हातात कंदील. तुमच्यापैकी मैफलीला जाणाऱ्यांनी ही जागा ओळखली असेल. गुरुजींच्या मागे तंबोरा घेऊन मी बारा वर्षं नेमका तिथेच बसलो होतो. फक्त शिरस्त्राण नव्हतं.

तालमीत डोनलने गाणं सुरू केलं, आणि मला धक्काच बसला. आवाज येईना. पुटपुटल्यासारखा, वरच्या जागा तर खालच्या सप्तकात ढकलत तो गात होता. बाई छडी हलवत होत्या, वादक वाजवत होते, कुणालाच काही वाटत नव्हतं. माणसाचा आवाज बसलाय आणि कुणी मदतीला जात नाही! माझं बारा वर्षांचं शिक्षण उसळून आलं. गुरूचा आवाज थकला की मागच्या शिष्याने सूर उचलायचा, हा आमचा धर्म. मी छाती भरून घेतली आणि डोनलची ओळ उचलली.

थिएटर दणाणलं. मग थांबलं. छडी खाली. चष्मा.

बाकीचे तीन पहारेकरी माझ्यापासून एकेक पाऊल लांब सरकले.

"ते काय होतं?" बाईंनी विचारलं.

"त्यांचा आवाज बसलाय, मॅडम. आमच्याकडे अशा वेळी मागच्याने गायचं असतं."

डोनल हळूहळू माझ्याकडे वळला. त्याच्या चेहऱ्याचा रंग त्याच्या तांबड्या केसांना जुळत चालला होता. "मी मार्किंग करतोय," तो म्हणाला. या वेळी खणखणीत आवाजात.

तालमीत मोठे गायक आवाज राखून, अर्ध्यावर गातात. प्रयोगासाठी जपतात. याला मार्किंग म्हणतात, आणि हे तिथे मी सोडून सगळ्यांना, अगदी दिवे लावणाऱ्यालाही, माहीत होतं.

"आणि तुमच्याकडे मागच्याने गायलं नाही तर?" बाईंनी चष्मा चढवत विचारलं.

"गुरुजी घरी जाईपर्यंत बोलत नाहीत."

"मी बोलते. पुन्हा दुसऱ्याची ओळ उचललीस, तर तुला विमानतळावर सोडायला मी स्वतः येईन. ग्रँड. परत."

डोनल दोन आठवडे माझ्याशी बोलला नाही. बाई मात्र त्याच दुपारी चहाच्या वेळी माझ्यासमोर येऊन बसल्या. त्यांच्याकडे पत्र्याच्या डब्यात घरी भाजलेला ब्राउन ब्रेड असायचा, तो त्या कुणालाही देत नसत. एक जाड काप काढला, त्यावर लोणी फासलं आणि माझ्यापुढे ढकलला.

"किती जण बसायचे मागे?"

"दोघे. मी डावीकडे."

"खा," म्हणाल्या आणि उठून गेल्या.

या कापाचा अर्थ काय, यावर कोरसमध्ये दोन आठवडे चर्चा चालली. मी राहणार की जाणार? शेवटी डोनलने मौन सोडलं ते एवढं सांगायला, की बाईंचे वडीलही बकऱ्याला आधी चांगलं खाऊ घालत.

हंगामाचा शेवटचा प्रयोग शनिवारी होता. सोमवारी कायम कोण ते कळणार होतं. अश्विनी प्रेक्षकांत होती. घरी लॅपटॉपची धूळ तिने पुसून ठेवली होती, आणि ते तिने मुद्दाम केलं होतं की नाही, हे विचारायची माझी हिंमत झाली नव्हती.

डोनलला चार दिवस सर्दी होती. दोन अंक त्याने रेटले. तिसऱ्यात गाणं सुरू झालं, पहिलं कडवं पार पडलं, आणि दुसऱ्या कडव्याच्या आधीच्या श्वासाला मला कळलं. ऐकून नव्हे. त्याच्या पाठीवर कोटाची शिवण असते ना खांद्यांच्या मध्ये, ती श्वास घेताना एरवी रुंद व्हायची. या वेळी ती वर गेली. श्वास छातीतच अडकला होता. दोन ओळींनी हा माणूस कोसळणार, हे त्या हजारभर लोकांत फक्त मला माहीत होतं.

मी कंदील घट्ट धरला.

पहिली ओळ चिरली. दुसरीच्या तोंडाशी आवाज गेलाच. मार्किंग नव्हे, काहीच नव्हे. नुसता ओठ हलवणारा एक धिप्पाड माणूस. वाद्यं पुढे चालली होती. आणि खालून बाईंनी वर पाहिलं. डोनलकडे नाही, त्याच्या खांद्यावरून, माझ्याकडे. भुवया उंचावल्या होत्या. तीन सेकंद असेल. रंगमंचावर तीन सेकंदांत घर बांधून होतं.

मला ती ओळ येत होती. शब्द, सूर, श्वास, सगळं. मी ती उचलली नाही. मी कंदिलाकडे पाहिलं. आत बॅटरीवरचा पिवळा दिवा होता, त्याची वायर जरा सुटली होती, इतकं नीट पाहिलं.

मग खालून एक आवाज आला. घोगरा, खरवडलेला, सत्तरीतल्या बाईचा. छडी हवेत तशीच चालू, आणि बाई गात होत्या. कैद्याची ओळ, जगासमोर, ज्या गळ्याने त्यांनी उभ्या आयुष्यात कुणाला गाऊन दाखवलं नव्हतं त्या गळ्याने. प्रेक्षकांत चुळबुळ झाली, कुणीतरी हसलं. दोन ओळी त्यांनी ओढल्या. त्यापुढच्या ओळीला डोनलचा श्वास परतला, त्याने सूर पकडला, आणि बाई जणू काही झालंच नाही अशा थाटात पान उलटून पुढे गेल्या.

रविवारी सकाळी अश्विनी चहा गाळत म्हणाली, "काय रे, मध्येच खालून कोण ओरडलं?"

"बाई."

"का?"

"डोनलची ओळ गेली."

तिने गाळणं ठेवलं. "ती? भांडी घासताना रोज गातोस ती?"

मी बिस्किट चहात बुडवलं. ते तुटून तळाशी गेलं, आणि ते काढण्याच्या कामात मी फार वेळ गढून गेलो.

सोमवारी बाईंनी वरच्या मजल्यावरच्या त्यांच्या खोलीत बोलावलं. भिंतीतल्या कपाटाच्या, म्हणजे इथल्या भाषेत प्रेसच्या, दारावर पेपरचं कात्रण चिकटवलेलं होतं. कुणा समीक्षकाने खड्ड्यातून आलेल्या चमत्कारिक आवाजाबद्दल एक वाक्य लिहिलं होतं.

"गायिका म्हणून माझं पहिलं परीक्षण," बाई म्हणाल्या. "बस. नको, उभाच राहा. तुला कधी कळलं?"

"दुसऱ्या कडव्याच्या आधी."

"माझ्या आधी."

"हो."

"आणि तू दिवा बघत बसलास."

"तुम्हीच सांगितलं होतं, पुन्हा उचलायची नाही म्हणून."

"सांगितलं होतं. आणि शनिवारी मी तुझ्याकडे बघून विचारलं."

"मला वाटलं, तुम्ही दटावताय."

बाईंनी चष्मा काढला. पुसला नाही. नुसता हातात धरला.

"खोटं बोलू नकोस."

एवढ्या लांबून तुम्हाला सांगायला सोपं आहे. त्या खोलीत ते वाक्य घशातून बाहेर काढायला मला डोनलपेक्षा जास्त वेळ लागला. "मला ही नोकरी हवी होती," मी म्हणालो.

त्यांनी प्रेस उघडलं, एक पाकीट काढलं आणि माझ्या हातात दिलं. आत माझ्या नावाचा करार होता. खाली सही, आणि सहीखाली तारीख. गेल्या मंगळवारची, म्हणजे प्रयोगाच्या चार दिवस आधीची.

मी ती तारीख तीनदा वाचली. आयुष्यात मी पुष्कळ घोटाळे केलेत आणि त्यांतले बरेच रंगवून सांगून जेवणं मिळवलीत. ज्यात मी काहीच केलं नाही, तो एकच मला रंगवता येत नाही.

"मॅडम, मी..."

"ते राहू दे. कशावरून कळलं तुला, ते सांग."

मी शिवणीचं सांगितलं. गुरुजींचंही सांगितलं, त्यांच्या सदऱ्यावर मानेखाली पडणाऱ्या चुणीवरून आम्ही कसं ओळखायचो ते. बाई ऐकताना पुढे झुकल्या होत्या.

"आयुष्यभर मी चेहरेच बघत आले," त्या म्हणाल्या. "पाठ मला कधी दिसलीच नाही. वळ. खिडकीकडे तोंड कर. तेच गाणं गा. श्वास संपत आला असं मला वाटलं की मी 'आता' म्हणेन."

मी वळलो. गायला लागलो.

"आता."

"नाही, मॅडम. अजून आहे."

"ग्रँड. परत."

दुसऱ्यांदा लवकर म्हणाल्या. तिसऱ्यांदा उशीर झाला, मला खोकला आला आणि मागून "सॉरी, सॉरी" ऐकू आलं. बाईंच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकत होतो. चौथ्यांदा मी ती लांब ओळ घेतली. श्वास उतरत गेला, आवाज पातळ झाला, आता म्हणतील, आता म्हणतील म्हणून मी वाट पाहत होतो. त्या 'आता' म्हणाल्या नाहीत. सूर सुटायच्या अगदी आधी मागून तो घोगरा आवाज आला आणि त्याने माझी ओळ उचलली.

मी वळून पाहिलं नाही. गुरुजीही कधी पाहत नसत. छाती भरून घेतली आणि पुढच्या ओळीत शिरलो. खाली रस्त्यावर एक माणूस सायकलला कुलूप लावत होता, त्याने दचकून वर पाहिलं. त्याला खिडकीत मी एकटाच दिसत असणार.