एक मिनिटवाले मास्तर

आमच्या स्टेशनावर गाडी जेमतेम अर्धा मिनिट थांबते. दोन फलाट, एक तिकीटखिडकी, खिडकीमागे मी आणि बाहेर हिरवा झेंडा घेऊन मास्तर. विद्यापीठाची वसतिगृहं आमच्या गावात आणि परीक्षेचं केंद्र तीन स्टेशनं पुढे. असला कारभार ज्यानं आखला तो नक्कीच मोटारीनं फिरत असणार.

मास्तरांना पोरं ‘एक मिनिट’ म्हणायची. धावत येणारं शेवटचं पोर डब्यात चढेपर्यंत ते सव्वाआठच्या गाडीला झेंडा दाखवायचे नाहीत. सव्वीस वर्षं हेच. तुम्ही यांना लाडावून ठेवलंय, असं मी सुनवायचे. मिनिटभरानं रेल्वेचं काही जात नाही, पोराचं मात्र वर्ष जातं, असं त्यांचं ठरलेलं उत्तर. बायको जाऊन बारा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. सगळा जीव या धावणाऱ्यांवर. मला त्यांचा राग यायचा आणि हेवाही वाटायचा. माझ्याशी पोरं काचेतून बोलायची, तीही तक्रारीपुरती.

धावणारी पोरं पुढच्या दारानं येत नसत. वसतिगृहामागच्या कुंपणाचे दोन गज निघालेले होते, तिथून थेट फलाटाच्या टोकाला येता यायचं. सात मिनिटं वाचायची. दर वर्षी तपासणीच्या कागदावर मास्तर ‘कुंपण सुस्थितीत’ असं लिहायचे आणि मी खाली शिक्का मारायचे. त्यावर आमचं कधी बोलणं झालं नाही.

त्यांच्या निवृत्तीला आठ महिने उरले असताना वरून हुकूम आला. पहिल्या तारखेपासून झेंडा बंद, गाडी सिग्नलवर सुटणार आणि सिग्नल शहरातल्या नियंत्रण कक्षातून मिळणार. प्रवाशांसाठी तशी सूचना लावायची होती. मास्तरांनी ती सुवाच्य अक्षरात लिहिली आणि माझ्या खिडकीशेजारी चिकटवली. खळ मीच आणून दिली. पास काढलेली, कुंपणातून येणारी पोरं त्या भिंतीसमोरून जातच नाहीत, हे आम्हा दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. रांगेत उभा राहणारा माणूस कुठे धावतो?

तीन तारखेला रसायनशास्त्राची एक मुलगी गजांमधून आत शिरली तेव्हा गाडी हलली होती. मास्तर ओरडत तिच्याकडे धावले. ती काही थांबली नाही. आजवर इथून एकही गाडी धावणाऱ्याला टाकून गेली नव्हती, मग ती कशाला थांबेल? दारातल्या दांड्याला तिचा हात लागला आणि सुटला. चाकाखाली उजवा पाय गुडघ्यापासून तुटला.

चौकशीला दोन साहेब आले. सूचना लावली होती का, विचारलं. भिंतीवर होतीच, त्यांनी फोटो काढला. मग कुंपणाचं निघालं. थोरल्या साहेबांनी गेल्या वर्षीचा कागद वाचला आणि गज हल्लीच कुणीतरी काढले असतील, असं स्वतःच म्हणाले. सुंठीवाचून खोकला गेला. पण मास्तरांना राहवेना. खरं त्यांच्या ओठांवर आलं होतं, मला ते स्पष्ट दिसलं. त्या कागदावर माझाही शिक्का होता.

“हो ना साहेब,” मी मध्येच म्हणाले, “पोरं नुसता उच्छाद मांडतात.”

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मग खाली मान घालून सही केली. मुलीचा निष्काळजीपणा, असा निष्कर्ष निघाला. भरपाई नाही.

रविवारी आम्ही दवाखान्यात गेलो. मी जाणार नव्हते, पण मास्तरांना एकट्यानं जाववेना. मुलगी उशीला टेकून बसली होती. तिची आई साहेबांचं पत्र पुन्हा पुन्हा वाचत होती, जणू खाली कुठेतरी वेगळं काही लिहिलं असेल.

“चुकलंच माझं, मास्तर,” मुलगी म्हणाली. “जरा लवकर निघायला हवं होतं.”

तिनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि घाबरतच विचारलं, “माझ्यामुळे तुमच्या नोकरीवर तर काही आलं नाही ना?”

“नाही गं,” मास्तर म्हणाले. “काही नाही आलं.”

मुलीला हायसं वाटलं. तसं ती बोललीही. तिच्या आईनं पत्र बाजूला ठेवलं, पदरानं दोन खुर्च्या पुसल्या आणि आमच्यापुढे केल्या. आम्ही बसलो.