धारेला पोचल्याची वेळ

आमच्या साडूंना न्यायला उद्या स्वर्गातून विमान आलं, तरी ते आधी ‘वाट कशी हाय?’ म्हणून एकदा पायी जाऊन बघून येतील, आणि तोवर विमान निघून गेलेलं असेल. जन्मभर त्यांनी मालगाडीवर गार्डाची नोकरी केली. निवृत्त होऊन पूर्णेतच घर बांधलं, पण डोक्यातली गाडी काही अजून स्टेशनात लागलेली नाही. ताडकळसच्या बाजाराला जायचं तरी आदल्या दिवशी पिशवी भरून दाराशी ठेवतात. बाजाराला जाताना पिशवी कशाने भरतात, असं विचारू नये. तिच्यात दुसऱ्या पिशव्या असतात. रिक्षात बसल्यावर सगळ्यांची डोकी मोजतात, हिरवा रुमाल हलवतात आणि मगच रिक्षा निघू देतात. निघाल्याची अन् पोचल्याची वेळ वहीत लिहितात. सासऱ्यांच्या तेराव्याला जाताना रिक्षा पंक्चर झाली, त्याचीही ‘उशीर चाळीस मिनिटं, कारण खिळा’ अशी नोंद आहे. एका मिनिटाचीही खोटी नोंद आपण उभ्या जन्मात केली नाही, याचा त्यांना भारी अभिमान.

अशा माणसाच्या हाती बायकोची एकुलती एक हौस पडावी, हे अक्कांचं नशीब. अक्का म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. दोघींचं माहेर चारठाण्याच्या पलीकडे, डोंगराच्या पोटाशी. तिथे पावसाळ्यात डोंगरावरून पाण्याची एक धार पडते. लहानपणी अक्का गुरं घेऊन वर जायच्या आणि त्या धारेखाली डोकं धरून बसायच्या. अकरा वर्षांपूर्वी साडू निवृत्त झाले, त्या दिवशी अक्कांनी एवढंच मागितलं, ‘‘मला एकदा त्या धारेखाली न्या, बास.’’

साडूंनी ते मनावर घेतलं आणि तिथेच घात झाला. पहिल्याच आठवड्यात रंगीत तालीम. मला, माझ्या बायकोला आणि अक्कांना डबे, छत्र्या, दोर घेऊन त्यांनी स्टेशनच्या पुलाचे जिने सहा वेळा चढायला लावले. ओळखीचे लोक थांबून विचारायचे, कोणती गाडी चुकली म्हणून. मी कठडा धरून धापा टाकत होतो. अक्का मात्र पदर खोचून पोरीसारख्या पुढे. साडूंनी वहीत लिहिलं, ‘चढ पंचवीस मिनिटं. सौ. सगळ्यांच्या पुढे.’

त्यावर दहा पावसाळे गेले. पाऊस असला की साडू म्हणत, ‘‘घसरलं म्हंजे? लाइन किलेर मिळाल्याबिगर गाडी हालत नसती.’’ पाऊस उघडला की अक्कांच्या माहेरी मेहुण्याला फोन लावत, आणि तो तिकडून सांगे, ‘‘दाजी, धार आटली की.’’ मग साडू पुढच्या सालासाठी नवी वही आणून जुन्या वहीतलं सगळं नियोजन सुवाच्य अक्षरात उतरवून घेत. मी एकदा वैतागून म्हणालो, ‘‘साडूभाऊ, पाऊस असल्याबिगर धार न्हाई, अन् पाऊस असला की तुमी न्हाई. जमायचं कसं?’’ ते म्हणाले, ‘‘तुमी फिकीर करू नका. बंदोबस्त चालू हाय.’’ मी हात टेकले. अक्कांनी ते कधीच टेकले होते.

यंदा भर पावसात अक्काच चप्पल घालून दारात उभ्या राहिल्या. ‘‘आता न्हाई तर कवाच न्हाई,’’ म्हणाल्या. साडूंचा नाइलाज झाला. रुमाल हलला, जीप निघाली आणि डोंगराखाली मारुतीच्या पारापाशी थांबली. अक्का वीसेक पावलं चढल्या आणि गुडघा धरून खाली बसल्या. दोन वर्षांपासून त्या घरातसुद्धा भिंतीच्या आधाराने चालत होत्या. आम्हा सगळ्यांना ते दिसत होतं. साडूंनाही दिसत असणारच, पण वहीत मात्र दरसाल ‘सौ. सगळ्यांच्या पुढे’ हेच उतरत आलं होतं. ते उभ्याउभ्या ती ओळ पुन्हा पुन्हा वाचत राहिले.

आम्ही धरून धरून अक्कांना पारावर आणून बसवलं.

‘‘तुमी तरी बघून या,’’ अक्का म्हणाल्या.

‘‘गार्ड गाडी टाकून जातो व्हय?’’ म्हणत साडू त्यांच्या शेजारी बसले. जरा वेळाने पडेल आवाजात त्यांनी विचारलं, ‘‘पाण्याचा आवाज तरी यायलाय का?’’

मी कान देऊन ऐकलं. धार डोंगराच्या पलीकडच्या अंगाला. इथे नुसती पिंपळाची सळसळ होती.

‘‘यायलाय की,’’ अक्का म्हणाल्या. ‘‘लय मोठ्यांदा. लिवा, पोचलो म्हणून.’’

साडूंनी माझ्याकडे पाहिलं. मला त्यांच्याकडे बघवेना. मग त्यांनी पेनाचं टोपण काढलं, घड्याळ पाहिलं आणि सावकाश लिहिलं, ‘अकरा वाजून दहा मिनिटं. धारेला पोचलो.’

परतताना आम्ही सगळे जीपमध्ये बसलो तरी जीपवाला रुमालाची वाट बघत थांबून राहिला. रुमाल साडूंनी अक्कांच्या गुडघ्याला बांधला होता. शेवटी मीच त्याला चल म्हणालो.