मुद्दाम उंच ठेवलेली पायरी

आखातातल्या खलिफा सिटीत लेकाच्या व्हिलाशेजारी स्कॉटलंडच्या जुन्या किल्ल्याची नक्कल म्हणून एक बंगला बांधत होते. तिथला चिपळूणकडचा गवंडी प्रत्येक पायरीवर ओला तळवा फिरवायचा. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. एक पायरी जास्त उंच दिसली, तसा मी खेकसलो, "लेव्हल घेता येत नाही का रे?"

"मुद्दाम आहे, काका. जिन्यात घुसलेला शत्रू अडखळावा म्हणून. घरच्या माणसाचा पाय चुकत नाही."

"मग माझी बायको शत्रू होती काय? लेकाकडे येऊन चौथ्याच दिवशी त्याच्या जिन्यातल्या अशाच पायरीवरून पडून मेली ती!"

त्यानं थापी खाली ठेवली. "चार दिवसांत पायाला घर कसं कळणार, काका?"

त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. तिला गाव सोडायचंच नव्हतं. "नखरे नकोत, चल" म्हणून मीच ओढत आणली होती.