काट्याला खोटं शिकवू?

रे रोडच्या एका गाळ्यात दाबाचे गेज तपासून देणारे काका बसतात. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. चाळीच्या पंपाचा गेज घेऊन गेलो, तेव्हा त्यांच्यासमोर विमान चालवायला शिकवणाऱ्या संस्थेचा मेकॅनिक घाईत उभा होता. त्यांच्या एका लहान विमानाच्या इंजिनात तेलाचा दाब लाल रेषेच्या वर दिसत होता. गेजच बिघडलाय, असं त्याचं म्हणणं.

काकांनी तो गेज तपासणीच्या यंत्राला जोडला, शेजारी आपला खात्रीचा गेज लावला आणि नखाने काचेवर हळूच टिचकी मारली. दोन्ही काटे एकाच आकड्यावर थांबले.

"रीडिंग इंजिन थंड असताना घेतलं?"

"नाही काका, चांगलं गरम झाल्यावर."

"म्हणजे तेल थंडीने दाटलेलं नाही. दाब सोडणारी झडप अडकली असेल. ती खोलून बघा."

"त्यात दिवस जाईल हो. दुपारी एक मुलगी पहिल्यांदाच एकटी उडणार आहे. काटा जरा खाली बसवून द्या ना."

काकांनी गेज फडक्यात गुंडाळून त्याच्या हातात ठेवला. "इथे तुम्ही बोलताय, मी बोलतोय. वर आकाशात तिच्याशी हा काटा एकटाच बोलणार. ह्याला खोटं शिकवू?"

मेकॅनिकने ते फडकं पिशवीत ठेवलं. मग त्याने फोन लावला. "आजचं उड्डाण रद्द करा."

खरं बोला, असं सांगणारी कितीतरी पत्रकं मी गिरणगावात वाटली आहेत. त्यांतल्या एकातही काकांच्या ह्या प्रश्नासारखं काही नव्हतं.

"आणा तुमचा," काका म्हणाले. मी पंपाचा गेज दोन्ही हातांनी पुढे केला.